धडधाकट माणसाच्या अंगातली बुरशी



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांची सारी हयात खेड्यातल्या माणसांत गेली. त्यांच्या नावाने बोलायचे तर शेतात, बागायतीत आणि खाणीवर राबणाऱ्यांच्या कामाचे काही बोलावे, म्हणून हा विषय घेतला.

बुरशीचा आजार म्हटले की आपल्याला २०२१ चा उन्हाळा आठवतो. करोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि म्युकरमायकोसिसमुळे माणसांचे डोळे आणि जबडे काढावे लागत होते. मे महिन्यात केंद्र सरकारने या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करा असे राज्यांना कळवले. ‘काळी बुरशी’ हे नाव घरोघरी पोचले. खरे तर ती बुरशी काळी नसते, रक्तपुरवठा तुटून मेलेले मांस काळे पडते. त्या रुग्णांत बहुतेकांना मधुमेह होता आणि अनेकांना स्टेरॉइड दिलेले होते. त्यामुळे लोकांच्या मनात, आणि बऱ्याच डॉक्टरांच्याही मनात, एक गोष्ट पक्की बसली की बुरशी खंगलेल्या माणसालाच धरते. साखर वाढलेल्याला, कॅन्सरची औषधे चालू असलेल्याला, एचआयव्हीची बाधा असलेल्याला. धडधाकट माणसाला फार तर गजकर्ण होईल.

हा समज अर्धाच खरा आहे. ज्याला मधुमेह नाही, ज्याची प्रतिकारशक्ती चांगली आहे, जो काल-परवापर्यंत माडावर चढत होता, अशा माणसालाही बुरशीचे खोल आजार होतात. ते इतक्या वेगळ्या रूपांत समोर येतात की कुणी त्यांना चामखीळ म्हणते, कुणी टीबी, कुणी कॅन्सर. कुणाच्या मनात बुरशीची शंकाच येत नाही, म्हणून तपासणी होत नाही, आणि तपासणी होत नाही म्हणून निदान लागत नाही. मला आज बोलायचे आहे ते या चुकलेल्या शंकेबद्दल.

आधी हे पाहू की बुरशी आपल्याला एरवी का धरत नाही. शास्त्राने आजवर वर्णन केलेल्या बुरशींच्या जाती सुमारे दीड लाख आहेत. त्यांतल्या माणसाला आजारी पाडणाऱ्या जाती काही शेकडेच. याचे एक मोठे कारण आपल्या अंगाची ऊब आहे. बहुतेक बुरशींना गार, ओलसर जागा लागते आणि ३७ अंशांत त्यांची वाढ खुंटते. आर्तुरो कासादेवाल या संशोधकाने तर असे मांडले आहे की उष्ण रक्ताच्या प्राण्यांना मिळालेले हे फार जुने संरक्षण आहे. त्याशिवाय आपली कातडी आहे आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी आहेत. पण हे सगळे पहारे एका काट्याने ओलांडता येतात. काट्याच्या टोकावर बसलेली बुरशी थेट कातडीखाली जाते. तिथे ती मरायला हवी, आणि बहुतेक वेळा मरतेही. ज्या थोड्या जाती तग धरतात, त्यांच्यापासून पुढचे सगळे सुरू होते.

आता आपला डिचोली-पेडण्याचा मुलूख डोळ्यांसमोर आणा. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. जांभ्या दगडाची माती, कुळागरात पोफळीखाली कुजणारा पाचोळा, काजूच्या बागा, वायंगणची शेती, तेरेखोल आणि शापोरा नद्यांचे काठ. गोवा विद्यापीठातले बुरशीशास्त्राचे प्राध्यापक डी. जे. भट यांनी पश्चिम घाटातल्या सूक्ष्म बुरशींचा आयुष्यभर अभ्यास केला आणि २०१० मध्ये त्यावर मोठा ग्रंथ काढला. तो चाळला की कळते, एकेका कुजक्या पानावर केवढे जग नांदते. ही बुरशी आपली वैरी नाही. ती पाने कुजवते म्हणून माती होते. पावसात वारुळांवर उगवणारी, आपण चवीने खातो ती अळमी हीसुद्धा बुरशीच, वाळवीने आपल्या घरात जोपासलेली. मातीतली बुरशी मारून टाका असे सांगायला मी आलेलो नाही. मातीत काम करणाऱ्याच्या अंगात ती शिरली तर ओळखायची कशी, एवढेच सांगायचे आहे.

काजूच्या बागेत काम करणारा चाळिशीचा एक माणूस समजा. पावसाळ्यापूर्वी झाडाखाली सफाई करताना पावलाच्या वर काहीतरी टोचते. काटा असेल किंवा वाळकी काडी. तो ती उपटून फेकतो आणि विसरतो. काही महिन्यांनी तिथे एक लहान लालसर पुटकुळी येते. दुखत नाही, म्हणून तो लक्ष देत नाही. वर्षभरात ती खरखरीत होते, चामखिळीसारखी दिसू लागते, हळूहळू पसरते. कोणी चुना लावायला सांगतो, कोणी गावठी पाला. फार्मसीतून एक ट्यूब येते, मग दुसरी. पाच-सात वर्षांनी घोट्यापासून पोटरीपर्यंत फुलकोबीसारखी वाढ झालेली असते, वास येतो, पाय सुजतो. माणूस मात्र धडधाकट असतो. भूक लागते, झोप लागते, तापाचे नाव नाही. रक्ताच्या सगळ्या तपासण्या चांगल्या येतात आणि नेमक्या त्या चांगल्या येतात म्हणूनच कोणाला बुरशी सुचत नाही.

या आजाराचे नाव क्रोमोब्लास्टोमायकोसिस. त्याचे पहिले रुग्ण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राझीलमध्ये पेद्रोझो यांनी पाहिले. पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलेला काजूही ब्राझीलचाच. हवामान सारखे असले की पिके जशी रुजतात तसे आजारही आढळतात. भारतात हा आजार किनारपट्ट्यांवर आणि हिमालयाच्या पायथ्याशी, म्हणजे पाऊस आणि हिरवळ दाट असलेल्या पट्ट्यांत दिसतो. ब्राझीलमधल्या संशोधकांनी एका रुग्णाला जिथे इजा झाली होती तिथल्या लाजाळूच्या काट्यांवर हीच बुरशी असल्याचे २००४ मध्ये दाखवून दिले. आपल्या बांधावर, रस्त्याकडेला, मैदानात लाजाळू कुठे नाही?

हे निदान किती सोपे आहे तेही सांगतो. त्या खरखरीत वाढीकडे चांगल्या उजेडात, शक्य तर भिंगातून पाहा. पृष्ठभागावर बारीक काळे ठिपके दिसतात, मिरी भरडून भुरभुरावी तसे. शरीर त्या ठिकाणी बुरशीला कातडीबाहेर ढकलत असते. खरवड घ्यायची ती त्याच ठिपक्यांवरून, शेजारच्या स्वच्छ दिसणाऱ्या भागावरून नाही. काचेच्या पट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवायची आणि थोडा वेळ थांबायचे. कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी, जाड भिंतीच्या, गोल पेशी दिसतात. मधोमध आडवी-उभी चीर असलेल्या, एकट्या किंवा जोडीने. जगभरचे डॉक्टर त्यांना ‘तांब्याचे पैसे’ म्हणतात. एकदा पाहिल्या की जन्मभर विसरत नाहीत. या तपासणीला खर्च जवळजवळ काही नाही आणि वेळ अर्ध्या तासाच्या आत. सुरुवातीला, वाढ रुपयाएवढी असताना हे केले तर ती कापून काढता येते. वर्षानुवर्षे राहिली तर इट्राकोनॅझोलच्या गोळ्या सहा महिने, वर्षभर, कधी त्याहून जास्त घ्याव्या लागतात, आणि फार जुन्या जखमेत पुढे कॅन्सरही होऊ शकतो. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातला. दुर्लक्षित हे विशेषण इथे अगदी नेमके आहे, कारण हा आजार श्रीमंतांच्या पायांना होत नाही.

काट्यातूनच येणारा दुसरा आजार स्पोरोट्रायकोसिस. बोटाला किंवा मनगटाला काटा रुततो, तिथे गाठ येते, फुटते, आणि मग हातावर वर वर एका रांगेत गाठी उमटत जातात. लसिकावाहिनीच्या वाटेने बुरशी चढत असते. १८९८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शेंक नावाच्या विद्यार्थ्याने हा आजार प्रथम नोंदवला. डिचोलीच्या खाणपट्ट्यात बोलतो आहे म्हणून त्यातली एक हकीकत मुद्दाम सांगतो. १९४१ ते १९४४ या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत जवळजवळ ३००० कामगारांना हा आजार झाला. तरणेबांड, दिवसभर घण मारणारे लोक. बोगद्यांना टेकू दिलेल्या लाकडावर दमट उबेत ही बुरशी वाढत होती आणि लाकडाला अंग घासले की खरचटलेल्या जागेतून आत जात होती. लाकडावर बुरशीनाशक मारले, रुग्णांना पोटॅशियम आयोडाइड दिले आणि साथ आटोक्यात आली. आपल्या खाणी उघड्या, तिथल्या जमिनीखालच्या, त्यामुळे तंतोतंत तुलना मी करत नाही. पण एवढ्या मोठ्या साथीत कामगार दुबळे होते असे कोणी म्हणू शकले नाही. त्यांचे दुखणे त्यांच्या कामाच्या जागेतून आले होते. म्हणून माझे तरुण डॉक्टरांना सांगणे असते की रुग्णाला साखर विचारा, रक्तदाब विचारा, पण त्याआधी विचारा, तू काम काय करतोस?

हा प्रश्न आपल्याच मुलखात दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने नेटाने विचारला होता. हेन्री व्हँडाइक कार्टर. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे याच माणसाने काढली. ग्रंथ १८५८ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी कार्टर मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. पुढे १८६०च्या दशकात ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. अनवाणी शेतकऱ्यांचे सुजलेले, जागोजागी फुटून वाहणारे पाय त्यांनी पाहिले, कापून काढलेले पाय उभे चिरून पाहिले. त्यातून बाहेर पडणारे काळे आणि पांढरे दाणे वेगवेगळे ठेवून त्यांची चित्रे काढली आणि हा बुरशीचा आजार आहे असे ठामपणे सांगितले. ‘मायसेटोमा’ हे नाव त्यांचेच. १८७४ मध्ये त्यांचे पुस्तक लंडनला छापले गेले. काळ्या दाण्यांबद्दल ते बरोबर होते. पांढऱ्या दाण्यांचा आजार बऱ्याचदा बुरशीसारख्या दिसणाऱ्या जिवाणूंमुळे होतो, हे नंतरच्या पिढीने दाखवले. आजही हा फरक कळीचा आहे. जिवाणूचा असेल तर प्रतिजैविकांनी पाय वाचतो, बुरशीचा असेल तर उपचार वेगळे, लांबलचक आणि कधी शस्त्रक्रियेचे. पायातून निघालेला दाणा पट्टीबरोबर कचऱ्यात न टाकता तपासायला पाठवणे, एवढ्यावर हा निर्णय अवलंबून असतो.

आता मुलांकडे वळतो. पाच-सहा वर्षांचे खेळकर मूल. आईला न्हाऊ घालताना जाणवते की कुल्ल्यावर किंवा मांडीवर एक कडक चकती आहे. ताप नाही, दुखत नाही, मूल धावते आहे. आठवड्या-आठवड्याने ती वाढते, लाकडासारखी घट्ट होते. घरच्यांचे धाबे दणाणते, कारण सगळ्यांना एकच शब्द सुचतो, कॅन्सर. डॉक्टरलाही मांसाच्या गाठीचा संशय येतो. इथे एक जुनी, हाताने करायची परीक्षा आहे. गाठीच्या कडेला बोट लावायचे आणि हळूच खाली सरकवायचे. कड इतकी रेखीव असते की बोटाचे टोक तिच्याखाली जाते आणि सगळी चकती खालच्या स्नायूपासून सुटी हलते. हा बासिडिओबोलस नावाच्या बुरशीचा आजार असण्याची दाट शक्यता आहे. १९५६ मध्ये इंडोनेशियातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण प्रथम नोंदवले. दक्षिण भारतातून त्यानंतर अनेक नोंदी झाल्या. ही बुरशी बेडूक, पाल, सरडे यांच्या आतड्यात सुखाने राहते आणि त्यांच्या विष्ठेतून माती-पाचोळ्यात येते. एखादा किड्याचा चावा, एखादे खरचटणे तिला पुरते.

पावसाळ्यात बेडूक पकडून खाण्याचा प्रकार आपल्याकडे अजून चोरून चालतो. तो कायद्याने गुन्हा आहे आणि बेडूक गेले की डास-किडे वाढतात, तेवढे कारण तो थांबवायला पुरेसे आहे. या आजाराचा बागुलबुवा त्यासाठी उभा करायची गरज नाही. बेडूक आपल्या अंगणात राहू देत.

मुलाच्या अंगावरच्या त्या चकतीवर सुरी चालवण्याची घाई करायची नसते. पोटॅशियम आयोडाइड हे शंभर वर्षांहून जुने आणि स्वस्त औषध, थेंब मोजून दुधात दिले, किंवा इट्राकोनॅझोल दिले, तर काही महिन्यांत ती विरते. याच बुरशीचा एक प्रकार आतड्याला होतो आणि तो फार फसवतो. पोटात गोळा लागतो, स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याची भिंत जाड दिसते आणि कॅन्सर समजून आतडे कापले जाते. सौदी अरेबियाच्या असीर भागातून आणि अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातून असे रुग्ण नोंदले गेले आहेत. काढलेल्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी नसतात. असतात ते रुंद धागे आणि त्यांच्याभोवती दाटलेल्या इओसिनोफिल पेशी. पॅथॉलॉजिस्टच्या ध्यानात आले तर त्या दिवशी त्या घराला नवा जन्म मिळतो.

याच कुळातली एक बुरशी, कोनिडिओबोलस, मोठ्या माणसाच्या नाकात शिरते. नाक सारखे चोंदते, मग नाकपुड्या, गाल, वरचा ओठ सुजत जातात, चेहरा ओळखू येईनासा होतो. दुखणे थोडे, अपमान फार. माणूस लोकांत यायचे सोडतो. तळ्यात बुडी मारणाऱ्यांच्या नाकात लाल, स्ट्रॉबेरीसारखा, पांढऱ्या ठिपक्यांचा मांसल कोंब येतो तो ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. बराच काळ त्याला बुरशी मानले, आता जनुकांच्या तपासणीनंतर तो जीव बुरशीच्या कुळातून बाहेर काढला आहे. त्याच्यावर गोळ्या फारशा चालत नाहीत, मुळासकट काढावे लागते.

डोळ्याचे मात्र मला सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तिथे दिवस मोजावे लागतात. भातकापणी आणि मळणीच्या दिवसांत भाताचे कुसळ किंवा तूस डोळ्यात जाते. डोळा चोळला जातो, लाल होतो, पाणी येते. दोन दिवसांनी बुबुळावर बारीक करडा डाग दिसतो. फ्युझारियम किंवा अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी तिथे रुजलेली असते. घरात कोणाच्या तरी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली थेंबाची बाटली असते. ती डोळ्यात टाकतात. त्यात बहुधा स्टेरॉइड असते. एक-दोन दिवस लाली उतरते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी बेफाम पसरते. बुबुळ भोक पडण्याच्या बेताला आल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणतात. योग्य थेंब वेळेत मिळाले तर डोळा वाचतो. नॅटामायसिन हे साधे औषध नव्या, महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा या आजारात सरस ठरते, हे दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीने २०१३ मध्ये दाखवून दिले. पण वेळ गेली की डोळ्यात फूल पडते आणि कमावत्या माणसाची दृष्टी कायमची अधू होते. कुसळ गेलेल्या डोळ्यात घरातली कोणतीही जुनी बाटली टाकू नका. आझिलो रुग्णालय गाठा, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत जा, पण दुसऱ्याच्या नावाची बाटली उघडू नका.

म्युकरमायकोसिसचाही एक प्रकार धडधाकट माणसाला होतो. अपघातात जखमेत माती गेली, आणि जखम शिवल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडा काळ्या पडून मांस तासातासाला कुजत चालले, तर अ‍ॅपोफिझोमायसिसची शंका घ्यावी. ही बुरशी जगात प्रथम ओळखली गेली ती १९७९ मध्ये, उत्तर भारतातल्या आंब्याच्या बागेतल्या मातीत. अमेरिकेतल्या जॉपलिन गावात २०११ मध्ये चक्रीवादळ झाले, उडालेल्या लाकडांनी आणि दगड-मातीने लोक जखमी झाले, त्यांतल्या १३ जणांना हा आजार झाला आणि ५ दगावले. अशा वेळी जखम पुन्हा उघडून कुजलेले सगळे काढणे आणि त्याच दिवशी अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू करणे, याला पर्याय नाही.

हे सगळे आजार तसे विरळा. आता जो घरोघरी आहे त्याकडे येतो. गजकर्ण. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात गजकर्णाचे रूप पालटले आहे. पूर्वी दोन आठवडे मलम लावले की जायचे. आता कमरेपासून मांड्यांपर्यंत, छातीवर, चेहऱ्यावर, तान्ह्या मुलाच्या अंगावरसुद्धा दिसते, आणि गोळ्या बंद केल्या की पुन्हा उगवते. या नव्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव मिळाले. टर्बिनाफिन हे आजवरचे हुकमी औषध तिच्या बऱ्याच वाणांवर चालत नाही, कारण ते औषध जिथे चिकटते त्या जागेचा जनुक बदललेला आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये तिचे पहिले रुग्ण जाहीर झाले. त्यांतली एक तरुणी तर कधी परदेशी गेलेलीही नव्हती.

ही बुरशी एवढी माजण्यात आपला हात आहे. फार्मसीत जाऊन खाज येते म्हटले की मिळणाऱ्या ट्यूबमध्ये तीन औषधे असतात: एक बुरशीवरचे, एक जिवाणूंवरचे आणि तिसरे क्लोबेटासोलसारखे जहाल स्टेरॉइड. पहिल्या रात्रीच खाज थांबते ती स्टेरॉइडमुळे. बुरशी मरत नाही, कातडीची लढण्याची ताकद मात्र जाते. मग गजकर्णाचे ओळखीचे, कडा लाल असलेले वर्तुळ दिसतच नाही. वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी एक, किंवा नुसता काळसर चट्टा, किंवा पुटकुळ्या. जांघेत कातडी पातळ होऊन फाटल्यासारखे जे पांढरट पट्टे उमटतात ते जन्मात जात नाहीत. विशीतल्या मुली चेहऱ्यावर गोरेपणासाठी अशीच ट्यूब लावतात आणि चेहऱ्यावर लपलेले गजकर्ण घेऊन हिंडतात. धडधाकट माणसात बुरशीचे रूप अनोखे का दिसते, याचे आपल्या काळातले सर्वांत सामान्य उत्तर हेच आहे: ते रूप आपण स्वतः बिघडवले आहे. अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ मध्ये झाला. तो पाळला जात नाही हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि याचा मला संताप येतो.

इथे कोणी विचारील, हे सगळे लोक खरोखर धडधाकट होते का? प्रश्न रास्त आहे. काहींच्या बाबतीत उत्तर नाही असे येते. २००९ पासून कार्ड-नाइन नावाच्या जनुकातला दोष माहीत झाला आहे. ज्यांच्यात तो असतो त्यांची एरवीची प्रतिकारशक्ती चांगली असते, बुरशीपुढे मात्र ती हात टेकते. साधे गजकर्ण त्यांच्यात कातडीखाली, गाठींत, अगदी मेंदूपर्यंत जाते. जवळच्या नात्यात लग्ने होणाऱ्या घराण्यांत हा दोष जास्त सापडतो. म्हणून गजकर्ण खोल जाऊ लागले आणि भावंडांतही कोणाला तसेच असेल तर घराण्याचा इतिहास विचारावा. पण सगळ्यांची उकल अशी होत नाही. कोलकात्याच्या, वनस्पतींवरच्या बुरशींचा अभ्यास करणाऱ्या एका ६१ वर्षांच्या शास्त्रज्ञाच्या गळ्यात, श्वासनलिकेशेजारी, गळू झाले. पू तपासला तर त्यात झाडांच्या पानांना रुपेरी करणारी कोंड्रोस्टिरियम परप्युरियम ही बुरशी निघाली. ती माणसाला धरते असे कोणी कधी ऐकले नव्हते. त्या गृहस्थांना मधुमेह नव्हता, एचआयव्ही नव्हता, मूत्रपिंडाचा आजार नव्हता. बरीच वर्षे कुजक्या झाडांत आणि अळंब्यांत काम केलेले होते. पू काढला, दोन महिने व्होरिकोनॅझोल दिले, ते बरे झाले. २०२३ मध्ये हा रुग्ण जगासमोर आला. हे निदान झाले कारण पू काढणाऱ्याने तो फेकून दिला नाही.

आणि म्हणून माझ्या समव्यावसायिकांना एक सांगणे आहे, अगदी व्यवहारातले. गाठीचा तुकडा काढला की आपण सवयीने तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतो. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते. त्या तुकड्याची मग काही केल्या लागवड होत नाही, बुरशीची जात कळत नाही आणि कोणते औषध चालेल तेही कळत नाही. अहवाल येतो ‘ग्रॅन्युलोमा’. क्षयातही ग्रॅन्युलोमा दिसतो, म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू होतात. सहा महिने जातात, गाठ तशीच, मग नऊ महिने. तुकडा काढतानाच त्याचे दोन भाग करा. एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला. दुसरा साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये मायक्रोबायॉलॉजीला, त्याच दिवशी, आणि सोबतच्या कागदावर लिहा: ‘बुरशीसाठी लागवड करावी, चार आठवडे ठेवावी.’ ते लिहिले नाही तर प्रयोगशाळा जिवाणूंच्या हिशेबाने दोन-तीन दिवसांत बशी फेकून देते, आणि या बुरशी तर आठवडा-दोन आठवड्यांनी डोके वर काढतात. रुग्णाचा व्यवसाय लिहा: काजू बागायतदार, खाण कामगार, रेती काढणारा. तो एक शब्द वाचून पलीकडचा माणूस वेगळ्या नजरेने पाहतो. डिचोली-पेडण्याच्या आरोग्य केंद्रापासून गोमेकॉचे अंतर तासा-दीड तासाचे आहे. दोडामार्ग-सावंतवाडीचे रुग्णही तिथेच येतात. दुसरी बाटली सोबत धाडायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आणि तुम्हा मंडळींना माझी विनंती. बागेत, शेतात उतरताना पायात बूट घाला, निदान जाड चप्पल. काटा रुतला तर काढून साबण-पाण्याने धुवा. न दुखणारी गाठ, न भरणारी जखम, पसरत जाणारी चामखीळ महिन्याभरापेक्षा जास्त राहिली तर दाखवा, आणि दाखवायला जाल तेव्हा टोचले होते का, केव्हा, कुठे काम करताना, ते आठवून सांगा. गजकर्णाला फार्मसीतून स्वतः ट्यूब आणू नका, घरात एकाला झाले असेल तर सगळ्यांनी तपासून घ्या. टीबीच्या गोळ्या दोन-तीन महिने घेऊनही गाठ तसूभर कमी झाली नाही तर गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा: “बुरशीची तपासणी झाली आहे का?” हा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरचा अवमान नाही. तुम्ही विचारलात तर दुसरी बाटली निघेल.